दीड फुटी शब्द

शाळेतल्या बाईंनी पालकसभेत एवढंच सांगितलं होतं, "घरात जरा इंग्लिशचं वातावरण ठेवा." शिरूरमध्ये वातावरण हा शब्द कानावर पडला की आमच्या पोटात आधी गोळा येतो. इथे वातावरण म्हणजे ढगाळ वातावरण, आणि ढगाळ म्हणजे कांद्यावर करपा. आता हे नवं वातावरण कशावर करपा आणणार, या काळजीतच मी घरी आलो.

माझं स्वतःचं इंग्रजी सरकारी. 'सबमिटेड फॉर युवर काइंड परयूझल' आणि 'फॉरवर्डेड फॉर नेसेसरी ॲक्शन' या दोन वाक्यांवर मी कचेरीत एकोणीस वर्षं काढली. पण तिसरीतल्या पोरापुढे दुधाचा पेला 'फॉर नेसेसरी ॲक्शन' म्हणून ठेवला, तर तो पेला फार तर या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, रिकामा व्हायचा नाही. साधं इंग्रजी पोराला माझ्यापेक्षा जास्त येतं. तेव्हा साध्याच्या नादी लागायचंच नाही, एकदम अवघड इंग्रजीला हात घालायचा, असं मी ठरवलं. तिथे चुकलो तरी पकडणारं कोण आहे?

पुण्याला गेलो असताना अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक ठोकळा सापडला. दुर्मिळ इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची मुळं. साडेसहाशे पानं, दीडशे रुपये. विकणाऱ्यानं विचारलं, "एमपीएससीला बसताय?" म्हटलं, "नाही, मुलगा तिसरीत आहे." त्यानं पैसे घेता घेता डावी भुवई वर चढवली. अशा तुच्छतेनं बघणाऱ्या माणसाला इंग्रजीत सुपरसिलियस म्हणतात आणि लॅटिनमध्ये 'सुपरसिलियम' म्हणजे भुवईच, हे मला त्याच पुस्तकात पुढे वाचायला मिळालं. त्यानं विकण्यापूर्वी ते वाचलं असावं.

आमच्या गावाचा इंग्रजांशी संबंध तसा जुना. शिरूरला त्यांची छावणी होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं इथे आहे. गावकरी त्याला 'सतपुरुष' मानतात आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतात, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. ज्या गावानं इंग्रजाच्या थडग्याला नैवेद्य दाखवला, त्या गावातल्या कारकुनानं इंग्रजी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं तर बिघडलं कुठे? मी वाहिलं. आणि नेम केला, की रोज एक शब्द शिकायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी तो तीनदा वापरायचा.

पहिल्याच दिवशी शब्द निघाला लुगूब्रियस. अर्थ, रडवेला, सुतकी. मूळ, लॅटिनमधलं 'शोक करणे'. सकाळी ही पोळ्या लाटत होती. दोन दिवसांच्या सर्दीनं डोळे सुजले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो,

"आज तू फार लुगूब्रियस दिसतेस."

लाटणं थांबलं. "काय म्हणालात? लुगडं?"

"अगं, लुगडं नाही, लुगू..."

"बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून विषय काढलात. आता मागे फिरायचं नाही."

फिरता आलंच नाही. संध्याकाळी बाजारपेठेतून बावीसशे रुपयांची साडी आली. ती नेसून ही आरशापुढे उभी राहिली, तेव्हा लुगूब्रियसपणाचा मागमूसही नव्हता. तो सगळा माझ्याकडे आला होता.

अर्थात ऐकणाऱ्याला दोष देण्यात हशील नाही. मोहरमच्या मिरवणुकीत लोक 'या हसन! या हुसेन!' म्हणत ऊर बडवत, ते गोऱ्या शिपायांना 'हॉब्सन-जॉब्सन' असं ऐकू येई. जणू दोन साहेब हरवलेत आणि सगळं गाव त्यांना हाका मारत फिरतंय. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा जाडजूड कोश यूल आणि बर्नेल या दोघांनी केला, तो १८८६ मध्ये निघाला आणि त्याचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन' ठेवलं. साहेबानं चुकीचं ऐकलं की कोश होतो. बायकोनं ऐकलं की बावीसशे रुपये होतात.

मेच्या शेवटाला वळवाचा पहिला पाऊस आला. मातीचा वास सुटला. त्या वासाला इंग्रजीत पेट्रिकोर म्हणतात. बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हा शब्द १९६४ मध्ये घडवला. ग्रीकमध्ये 'पेट्रा' म्हणजे खडक आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारं रक्त. मी गॅलरीत डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अहाहा! पेट्रिकोर! खडकातून पाझरणारं देवांचं रक्त!"

"अहो!" गच्चीच्या जिन्यातून किंकाळी आली. "देवांचं रक्त राहू द्या, माझ्या कुरडया भिजल्या!"

तीन किलो गव्हाच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. त्या रात्री मी पेट्रिकोर तीनदा वापरला नाही. एकदाच पुरला.

तरीही मी बधलो नाही. तेवढ्यात कचेरीतले साहेब बदलून चालले आणि निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. शब्द शोधताना सापडला इग्रीजियस. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्या कळपातून वेगळा उठून दिसणारा तो इग्रीजियस. मूळ अर्थ असामान्य, नामांकित. वा! इथवर वाचलं आणि चहा आला म्हणून पुस्तक मिटलं. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, की काही शतकांपूर्वीच हा अर्थ उलटा झाला आणि आता तो शब्द घोडचुकांना आणि धडधडीत गैरप्रकारांना लावतात. इतका महाग चहा मी आयुष्यात प्यालेलो नाही.

"साहेबांसारखा इग्रीजियस अधिकारी या कचेरीनं पाहिला नाही," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. "त्यांची इग्रीजियस कामं हा तालुका कधी विसरणार नाही." आणखी टाळ्या. साहेबांनी गळ्यातल्या हारासकट मोबाइल काढला, काहीतरी पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे सत्काराचा नारळ त्यांनी हातात तोलून धरला, तेव्हा ते त्याचं वजन आणि माझ्या डोक्याचं अंतर यांचा हिशेब करताहेत असं मला वाटलं. जाण्यापूर्वी त्यांनी माझा गोपनीय अहवाल लिहिला. तो गोपनीय असतो, हे सरकारचे माझ्यावर उपकार आहेत.

त्या रात्री मला आधार दिला तो दोन कोशकारांनी. कर्मजन म्हणजे खडूस, चिकट म्हातारा. हा शब्द आला कुठून, हे कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर जॉन्सननं १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात अंदाज दिला, की तो फ्रेंच 'कर मेशाँ'वरून, म्हणजे 'दुष्ट काळीज'वरून आला असावा. आणि ही माहिती देणारा कोण, तर 'एक अनामिक पत्रलेखक', असं पुढे लिहिलं. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, जॉन ॲश नावाच्या दुसऱ्या कोशकारानं ते उतरवून घेतलं. बिचाऱ्याला फ्रेंच येत नसावं. त्यानं छापलं, 'कर' म्हणजे अनामिक आणि 'मेशाँ' म्हणजे पत्रलेखक! कोश लिहिणाऱ्यांची ही तऱ्हा, तर माझ्यासारख्या आवक-जावक कारकुनानं काय करावं? मी शांत झोपलो. हिनं कूस बदलत विचारलं, "कसला हसताय?" म्हटलं, "पत्रलेखक."

रविवारी सासुरवाडी. माझी सासुरवाडी दौंड तालुक्यात, केडगावच्या अलीकडच्या एका वाडीत. न्हावरे-चौफुला रस्त्यानं जायचं म्हणून आम्ही जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी म्हणे, "हे काय, आत्ता निघतोय. एकच शीट भरू द्या." तासभर ती एक शीट जन्माला येत होती. मी शेजारच्या शेतकऱ्याला म्हटलं, "याला इंग्रजीत प्रोक्रॅस्टिनेशन म्हणतात. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या. आजचं काम उद्यावर ढकलायचं."

"म्हणजे कचेरीत 'उद्या या' म्हणतात, तेच का?"

"तेच."

"तुम्ही कुठं असता कामाला?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर ऊस होता. शिरूर ते दौंड बाहेर बघायला ऊसच असतो, आणि आत बिबट्या असेल या कल्पनेनं वेळ बरा जातो.

केडगाव जवळ आलं की मात्र माझी मान आपोआप खाली जाते. इथल्या मुक्ती मिशनमध्ये बसून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणलं. १९२२ साली वारल्या तोवर त्यांचं ते काम चालू होतं. शब्दांची मुळं अशी खणायची असतात. मी आपला दीडशे रुपयांचा वाळका गवतकाडा उपटून हातात नाचवतोय.

मामा, म्हणजे माझे सासरे, चारीवर बसले होते. खडकवासल्याचं आवर्तन सुटलं होतं, पण पाणी अजून त्यांच्या दारावर यायचं होतं. माझ्या काखेतलं पुस्तक बघून म्हणाले, "पाव्हणं, कसली पोथी ही?"

इथे आपला शब्द नक्की चमकणार अशी माझी खात्री होती. समोर सातवी पास माणूस, हाती साडेसहाशे पानं. मी सुरुवात केली. "मामा, इंग्रजीत एक शब्द आहे, रायव्हल. म्हणजे प्रतिस्पर्धी. त्याचं मूळ मोठं गमतीचं आहे. लॅटिनमध्ये 'रीव्हस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोघं, ते रायव्हल."

"म्हणजे भाऊबंद," मामा म्हणाले.

"तसं नाही..."

"तसंच. वरचा दार फोडतो, खालचा कुऱ्हाड काढतो. ह्यात गंमत कसली?" ते थोडे थांबले. "खडकवासल्याचं पाणी पुणंबी पितं आन आमचा ऊसबी पितो. मग पुणेकर आमचं रायव्हलच की!"

मी घाईघाईनं पुढचा शब्द काढला. "आफ्टरमाथ. एखाद्या मोठ्या संकटानंतर जे उरतं ते. पण मुळात 'मॅथ' म्हणजे गवताची कापणी. एकदा कापल्यावर त्याच जागी पुन्हा जे उगवतं, ते आफ्टरमाथ."

"खोडवा."

"हे बघा, डिलिरियम. तापात माणूस बरळतो ना, ते. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचं तास. त्याच्या बाहेर गेलेला..."

"तास सोडला म्हणायचं. आमचा पवळ्या बैल सोडायचा. पर बरळायचा न्हाई."

"ब्रॉडकास्ट! रेडिओवरून सगळीकडे पसरवणं. रेडिओ यायच्या कितीतरी आधी..."

"बी फोकणं असंल."

माझा घसा कोरडा पडला. पुस्तकातला शेवटचा हुकमी एक्का मी बाहेर काढला. इंग्रजीत तेरा अक्षरांचा. "बुस्ट्रोफीडॉन! फार जुन्या काळी ग्रीक लोक दगडावर एक ओळ डावीकडून उजवीकडे लिहीत, दुसरी उजवीकडून डावीकडे, पुन्हा तिसरी डावीकडून. नांगराचा बैल बांधाशी जाऊन वळतो ना, तसं. म्हणून त्या लिहिण्याचं नाव 'बैल वळवणे'."

मामांनी चुन्याची डबी बंद केली. "म्हणजे आमचा पवळ्या शिकलेला होता म्हणा की."

साडेसहाशे पानांच्या पुस्तकाला दहा मिनिटांत गोऱ्ह्यासारखी वेसण घातली गेली होती. मी केविलवाणा होऊन त्यांना माझ्या भाषणाची आणि इग्रीजियसची कहाणी सांगितली. एवढा चांगला शब्द वाईट कसा झाला, हे मला अजून कळलं नव्हतं. पुस्तकातही नीट सांगितलेलं नव्हतं.

"कळपाभाईर पडल्यालं मेंढरू?" मामा म्हणाले. "ते बिबट्याचं. पयलं दोन दिस लोक म्हणत असतील, काय ऐटीत चाललंय. तिसऱ्या दिशी नुसती लोकर घावली असंल. मग नाव खराब व्हनारच."

भाषाशास्त्रज्ञांना हे पटेल की नाही ठाऊक नाही. मला पटलं.

दीड फूट लांबीच्या अशा शब्दांना इंग्रजीत सेस्क्विपेडेलियन म्हणतात. रोमन कवी होरेसनंच दोन हजार वर्षांपूर्वी त्यांची टर उडवली आणि दीड फुटाचं माप दिलं. लॅटिनमध्ये 'सेस्क्वि' म्हणजे दीड. हे वाचून मी चपापलो होतो. कारण मराठीत शब्दाला दीड फुटी म्हणत नाहीत, तो वापरणाऱ्याला दीडशहाणा म्हणतात. माप तेच, फक्त शिंप्यानं ते नेमक्या माणसाच्या अंगावर धरलेलं.

घरात गेलो तर ही आपल्या वडिलांकडे माझीच तक्रार मांडत होती. "दादा, तुम्हीच सांगा यांना. सकाळी उठून दात घासायच्या आधी पुस्तक. परवा भाजीवालीला म्हणाले, तुझी मेथी मेलँकली दिसते. तिनं दुसऱ्या गल्लीनं यायला सुरुवात केलीय."

"येरवड्याला दावून आणू एकदा," मामा शांतपणे म्हणाले.

आता गप्प बसावं की नाही? पण नेम म्हणजे नेम. मी म्हणालो, "मामा, इंग्रज येरवडा म्हणत नाहीत, डूलॅली म्हणतात. नाशकाजवळचं आपलं देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, धंदा नाही, वर ऊन. डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप."

"म्हणजे देवळालीचा ताप."

"हो. आता विलायतेत कुणी वेड्यासारखं वागलं की तो डूलॅली झाला म्हणतात."

"साहेब आपल्या गावाचं नाव घेऊन येडा व्हतो," मामा म्हणाले, "आन तुम्ही साहेबाच्या भाषेचं नाव घेऊन. फिटंफाट झाली."

मी मनात दौंड स्टेशनची जुनी पाटी आठवली. दौंडला लिहिताना इंग्रजांनी त्याची 'धोंड' केली होती, आणि धोंड-मनमाड म्हणून ती कागदोपत्री वर्षानुवर्षं मिरवली. आम्ही मात्र त्यांच्या एकेका अक्षराचा उच्चार चुकेल म्हणून रात्र रात्र जागतो.

जेवायला बसलो. मामी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पोरगं आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. मला राहवेना. म्हटलं, "शेवटचा शब्द. लॉर्ड. लॉर्ड म्हणजे मुळात काय, माहीत आहे? जुन्या इंग्रजीत भाकरीचा राखणदार. आणि लेडी म्हणजे भाकरीचं पीठ मळणारी. राजवाडा नाही, मुकुट नाही. सगळा मामला भाकरीचा."

"लेडी म्हणा न्हाईतर काही म्हणा," मामी म्हणाल्या, "आणखी एक घ्या. गार होतीय."

शब्दांपेक्षा भाकरी बरी होती. पुस्तक मी तिथेच फडताळात ठेवून आलो. मामी म्हणाल्या होत्या, पापडाच्या लाट्यांवर दाब ठेवायला असं काही जड बरं पडतं.

विषय तिथेच संपायचा. पण पंधरा दिवसांनी पोराच्या निबंधाच्या वहीत लाल शाईचा भला मोठा गोल आला. विषय होता 'माय ग्रँडफादर'. त्यानं लिहिलं होतं, "माय ग्रँडफादर इज अ लॉर्ड. माय ग्रँडमदर इज अ लेडी. शी मेक्स भाकरी. माय फादर हॅड वन बुक." खाली बाईंचा शेरा, 'राँग. पालकांनी येऊन भेटावे.'

रात्रभर मी इंग्रजी भाषणाची तालीम केली. जुनी इंग्रजी, भाकरी, राखणदार, सगळं ओळीनं पाठ. सकाळी वर्गाच्या दारात उभा राहिलो. बाईंनी चष्म्यावरून बघत "येस?" म्हटलं. तीनशे दुर्मिळ शब्द घशापर्यंत आले, तिथे त्यांची चेंगराचेंगरी झाली आणि तोंडातून बाहेर पडलं,

"सबमिटेड फॉर युवर काइंड परयूझल."

बाईंनी वही घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बसा. पाणी देऊ का?"

मग सगळं मराठीतच सांगितलं. पाच मिनिटांत झालं. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अय्या, खरंच? पीठ मळणारी म्हणजे लेडी? मग आमच्या घरातली लेडी म्हणजे आमचे हे. भाकरीचं पीठ तेच मळतात." आणि लाल गोलाशेजारी त्यांनी एक छोटीशी बरोबरची खूण केली. गोल मात्र खोडला नाही. शाळेची शिस्त म्हणून काही असतंच.

बाहेर येऊन मी लगेच मामांना फोन लावला. "मामा, अभिनंदन! तुम्ही लॉर्ड आहात हे बाईंनी मान्य केलं."

पलीकडून मोटारीचा आवाज येत नव्हता, म्हणजे लाइट गेलेली होती.

"बरं झालं," मामा म्हणाले. "आता त्यास्नी एवढं इचारा, लॉर्डाच्या चारीला पाणी कधी सुटतंय?"